छातीवरचे हात

वाडी (पत्ता मुद्दाम लिहीत नाही)
११ फेब्रुवारी २०२५

ती. सुषमाताईस,
सा. न. वि. वि.

चंद्री बदलापूरच्या बाजाराला निघालीय, तिच्या टोपलीत वालाच्या शेंगांखाली हे पत्र घालून देतोय. मोबाइल चालू केला की पोलीस माग काढत येतील, म्हणून शाळा सुटल्यापासून पहिल्यांदाच कागदाला हात लावलाय. अक्षराला हसू नकोस. तिच्या नवऱ्याने, धाकलूने, मला गुरांच्या पडवीत जागा दिलीय. भाकरी मिळते, झोप मिळत नाही.

आण्णा आहेत का, ते आधी कळव. मी पळालो तेव्हा त्यांना टेम्पोत घालत होते आणि तोंड काळंनिळं पडलं होतं. लोक तुला काहीही सांगतील. मी पाहिलं ते ऐक. शर्यतीत आपली जोडी पहिली आली, आण्णा गुलाल घेऊन बैलांकडे धावले. मी गर्दीतून वाट काढून पोचतो तर काकाचा विनीत त्यांच्या उरावर. हातावर हात ठेवून म्हाताऱ्याची छाती ठेचत होता. बरगडी मोडल्याचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला. वर मोठ्याने आकडे म्हणत होता, ताई. मोजून मोजून मारत होता.

गेल्या वर्षी हळदीत डोकी फुटली तेव्हापासून ते घर आपल्यावर टपलेलंच आहे. मी जोखडातली दांडक्याएवढी शिवळ उपसली आणि आधी त्याचे हात फोडले. बोटं लोंबायला लागली तरी हा हलला नाही, कोपरांनी दाबत राहिला. मग डोक्यात घातली. रक्त माझ्या तोंडात गेलं. अजून समाधान नाही. तो वाचला असेल तर राहिलेलं काम मी पुरं करीन.

माझ्यावरचा लोभ सध्या आण्णांच्या उशाशी ठेव.
तुझा,
सुजित


उल्हासनगर, कॅम्प ४
१४ फेब्रुवारी २०२५

चि. सुजितला,
अ. आ.

आण्णा आहेत. दवाखान्यातली पेज अळणी आहे म्हणून आयाबाईशी भांडतात, यावरून काय ते समज. आता बाकीचं बसून, सावकाश वाच. अर्ध्यात कागद चुरगाळलास तर मी स्वतः वाडीवर येऊन कानफटात देईन.

आण्णांना हार्ट अटॅक आला होता. दवाखान्यात आणल्या आणल्या ईसीजी काढला, मग मनगटातून बारीक नळी हृदयापर्यंत घालून औषध सोडलं आणि फोटो घेतले. अँजिओग्राफी म्हणतात त्याला. मला पडद्यावर दाखवलं. काळं औषध एका रक्तवाहिनीत शिरलं आणि मध्येच थांबलं, पुढे काहीच नाही. दुसरीत सुताएवढी वाट. बंद होती ती त्याच वेळी फुगा घालून उघडली आणि पुन्हा मिटू नये म्हणून आत स्टेंट बसवला, म्हणजे बारीक जाळी. दुसरीचं काम बाकी आहे. वर्षभर शेतावरून येताना छाती धरून बसायचे आणि गॅस म्हणून ओवा चावायचे, तो हा गॅस.

मी डॉक्टरांना सांगितलं की पुतण्याने छातीवर मारलं म्हणून हे झालं. त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं. म्हणाले की माराने रक्तवाहिन्या अशा चोंदत नाहीत, त्याला वर्षं लागतात. तुमचे वडील मैदानावर पडले तेव्हा त्यांचं हृदय थांबलेलं होतं, आणि कोणीतरी ते बाहेरून दाबून चालू ठेवलं. नीट दाबलं तर म्हाताऱ्या माणसाच्या बरगड्या मोडतातच. आणि दाबताना मोठ्याने मोजायचं असतं, तसंच शिकवतात.

मग मी वरच्या मजल्यावर गेले. विनीतच्या खोलीच्या दाराबाहेर त्याची बायको किर्ती बसली होती. हळदीच्या भांडणानंतर मी तिच्याशी पहिल्यांदाच बोलले. तिने सांगितलं की अंबरनाथच्या कंपनीत आग विझवायच्या वर्गात त्याला हे शिकवलं होतं. घरी उशीवर करून दाखवायचा आणि पोरं हसायची. सुजित, तो शुद्धीवर नाही. डोक्याचं ऑपरेशन झालं. दोन्ही हात बांधलेत, बोटं राहतील का ते सांगत नाहीत. मला तुझा राग येतो, आणि तुझ्या पोटात काही गेलं असेल का याची काळजीही वाटते. दोन्ही एकदम होतं, काय करू.

खाली ये. पोलिसांसमोर मी तुझ्याबरोबर उभी राहीन.

बहिणीचा लोभ आहे. आता तो पुरेल असं वाग.
सुषमाताई


वाडी
१८ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
न. वि. वि.

आण्णा वाचले, हे वाचून पडवीत एकटाच रडलो. पण पुढचं मला पटलेलं नाही. काकाने डॉक्टर मॅनेज केला असेल, नाहीतर किर्तीने तुला गुंडाळलं असेल. तू पहिल्यापासून भोळी. कंपनीत ड्रम उचलणारा माणूस थांबलेलं हृदय चालू करणार? हळदीत ज्याने माझ्यावर खुर्ची उचलली तो माझ्या बापाला वाचवणार? उद्या म्हणशील बैलांनी ऑपरेशन केलं.

सगळ्या मैदानाने पाहिलं, एकानेही त्याला थांबवलं नाही. मी थांबवलं. आता मलाच खुनशी ठरवताय.

एकच गोष्ट डोक्यातून जात नाही. हात फुटल्यावर माणूस पळतो. हा कोपरांनी का दाबत राहिला? एवढंच धाकलूला विचारलं, तर तो उठून बैलांना पाणी दाखवायला गेला. तो विचार आला की मी कोयता दगडावर घासत बसतो. धार अशी लागलीय की बोट नुसतं टेकवलं तरी रक्त येतं. शनिवारच्या बाजाराला चंद्रीबरोबर उतरतोय. त्याला वरच्या मजल्यावरून खाली आणीन, मग कोण खरं ते ठरेल. आडवी येऊ नकोस, तुला आण्णांची शपथ आहे.

लोभ असू दे किंवा नसू दे, मी येतोय.
सुजित


बदलापूर गाव
२० फेब्रुवारी २०२५

चि. सुजित यास,
वि. वि.

सुषमा लिहिणार होती, तिला जमलं नाही. म्हणून मी लिहितो आहे. चौथीपर्यंतचं अक्षर आहे, लागेल तसं वाच.

विनीत परवा गेला. तू त्याला वरच्या मजल्यावरून खाली आणणार होतास, तो आम्हीच आणला. डॉक्टर नको म्हणत होते तरी मी स्मशानात गेलो. मला तिरडी उचलू दिली नाही, नुसता हात लावून चाललो. तुझा काका माझ्या पुढे होता. त्याने मला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं वाटलं असतं.

किर्ती सगळ्यांच्या देखत माझ्यापाशी आली. मला वाटलं मारेल, मी तसाच उभा राहिलो. तिने माझ्या छातीवर हात ठेवला, आत चालू आहे का ते पाहिलं, आणि मग रडली.

तू सुषमाला विचारलंस की तो कोपरांनी का दाबत राहिला. माझं हृदय तोवर सुरू झालेलं नव्हतं म्हणून. बरगड्यांसाठी गोळ्या दिल्यात, त्या मी घेत नाही. श्वास घेतला की जिथे दुखतं तिथे त्याचा हात होता. डॉक्टर दुसऱ्या स्टेंटची तारीख मागतात. सांगितलं, आधी पोराचं होऊ दे.

शनिवारी कोयता धाकलूच्या दारात ठेव आणि खाली ये. पोलीस चौकीच्या बाकावर मी सकाळपासून बसलेला असेन. आलास तर बाप म्हणून तुझ्या शेजारी बसेन. नाही आलास तर उठेन, साहेबांना वाडीची वाट दाखवीन, आणि धाकलूला मारू नका एवढं हात जोडून सांगेन.

शेवटी आशीर्वाद लिहायचा रिवाज आहे. तो चौकीत मिळेल.
आण्णा