किल्ली कमी लागतेय

४ फेब्रुवारी, रविवार

गेले एकदाची! जुन्या बाजारात. एकटी!

वहिनीने अक्षरशः दाराबाहेर ढकललं. "सारखी त्याच्या खाटेभोवती घोटाळू नकोस. तोही वैतागलाय, मीही. जा तुझ्या त्या भंगारात." वहिनी आमच्या घड्याळांना भंगार म्हणते. इतकी वर्षं म्हणते, पण ड्रॉवरमधल्या एकाही घड्याळावर तिने कधी धूळ बसू दिलेली नाही.

पूल ओलांडताना चुकल्यासारखंच वाटत होतं. दर रविवारी दादा पुढे आणि मी मागे पिशवी घेऊन, हा आमचा क्रम. नोव्हेंबरात त्याला अर्धांगाचा झटका आला आणि सगळंच थांबलं. उजवी बाजू गेली. पाय आला परत, बोलणंही आलं, फक्त रागावला की शब्द अडखळतात. आणि रागावलेला तर तो हल्ली सदाच असतो. उजवा हात मात्र जिथे ठेवाल तिथेच राहतो.

बाजारात दादाचे नियम पाळले. आधी कानाला लाव, मग डोळ्यांना. जे आवडलं असेल त्याला हात लावायचा नाही, शेजारच्याची किंमत विचारायची. आणि दोघांच्या साध्या जेवणापेक्षा महाग असेल तर सरळ पाठ फिरवायची.

काहीच मिळालं नाही. पण जुनी घड्याळं विकणाऱ्या टोपीवाल्याच्या टोपलीत दोन्ही हात घालून बसले होते तेव्हा एक वेळ अशी आली, की घर, दवाखाना, काही काही आठवलं नाही! पाठ ताठ करून उठले तर ऊन डोक्यावर आलेलं. कितीतरी दिवसांनी भूक लागली होती.

टोपीवाल्याने विचारलं, "साहेब नाही आले?" म्हटलं, बाहेरगावी गेलेत. का म्हटलं, कुणास ठाऊक.

७ फेब्रुवारी

फिजिओबाई आल्या होत्या. दादाने स्पंजचा चेंडू भिंतीवर फेकला — डाव्या हाताने. "मला चेंडू देतात! उद्या खुळखुळा द्याल!"

बिचाऱ्या चेंडू उचलून टेबलावर ठेवून गेल्या. मी जिन्यापर्यंत सोडायला गेले. म्हणाल्या, खांदा आणि कोपर येतंय. बोटांचं सांगता येत नाही. अंगठा आणि पहिलं बोट सगळ्यात शेवटी येतात, आणि तेही त्यांनी मनावर घेतलं तर.

अंगठा आणि पहिलं बोट! म्हणजे कात्री. म्हणजे खडू, टाचणी, सुई. शिंप्याला दुसरं असतं काय?

९ फेब्रुवारी, शुक्रवार

जेवताना दादा म्हणाला, "कापायचं टेबल विकून टाका."

वहिनीचा घास हातातच राहिला. पडदे शिवणारा तो कोपऱ्यावरचा माणूस मागे एकदा विचारून गेला होता. दादाने परस्पर त्याला फोन करून हो सांगितलंय! त्याची नवी जागा मार्चअखेर तयार होतेय. चोवीस तारखेच्या रविवारी टेम्पो घेऊन येणार.

त्या टेबलाखाली बसून मी पाढे पाठ केलेत. त्याच्यावर माझा शाळेचा गणवेश कापला, वहिनीचा लग्नातला पोशाख कापला. "जागा अडते," म्हणे! त्या खोलीत दुसरं आहे काय अडायला?

भांडले. खूप भांडले. तो भिंतीकडे तोंड करून झोपला.

११ फेब्रुवारी, रविवार

मिळालं!!

टोपीवाल्याच्या टोपलीत तळाला, तुटक्या पट्ट्यांच्या गुंत्यात. काच इतकी पिवळी की आत घड्याळ आहे की नुसता डबा, ते कळेना. कानाला लावलं, काही नाही. दोन पीळ किल्ली दिली आणि — टिकटिक! बारीक, पण भरभर आणि एकसारखी. माझ्याच छातीत इतकं धडधडत होतं की घड्याळाचं ऐकतेय की स्वतःचं, ते समजेना.

लगेच खाली ठेवलं. शेजारचं एक भलंमोठं सोनेरी धूड उचललं आणि नाक मुरडत किंमत विचारली. टोपीवाला म्हणाला, "ताई, एकदम ओरिजिनल!" त्याच्याकडे दगडही ओरिजिनल असतो. मी धूड ठेवलं, उठल्यासारखं केलं, आणि जाता जाता, "बरं, ते पिवळं डबडं कितीला?"

एका माणसाच्या जेवणापेक्षाही कमी! पूल ओलांडताना मी चक्क गाणं म्हणत होते. एक बाई वळून बघायला लागली. बघ बाई, खुशाल बघ.

१२ फेब्रुवारी

दुकानातून आल्यावर काच टूथपेस्टने घासत बसले. दिवसभर औषधांच्या काउंटरवर उभी राहून पाय दुखत होते, पण उठवेना. घास, पूस, बघ. घास, पूस, बघ. पिवळेपणा हळूहळू गेला आणि खालून निळे काटे निघाले! डायल दुधाच्या सायीच्या रंगाची. अशी मजा पैसे टाकून नवीन घड्याळ घेणाऱ्याला कधी कळायची नाही.

१३ फेब्रुवारी

दादाच्या पुढ्यात ठेवलं. बघेचना.

त्याचं स्वतःचं घड्याळ नोव्हेंबरपासून ड्रॉवरमध्ये आहे. "ज्याला किल्ली दुसऱ्याने द्यायची, ते घड्याळ माझं कसलं?" हे त्याचं म्हणणं. आयुष्यभर किल्लीचीच वापरली. ऑटोमॅटिक त्याला चालत नाही, बॅटरीचं तर नावच काढायचं नाही.

मी म्हटलं, "अरे हे तुझं नाहीच. माझं आहे. पण काउंटरवर दोन दोन घालून उभी राहिले तर लोक काय म्हणतील? तू नुसतं घाल. चालतं राहील."

"आणि किल्ली?"

"मी देईन रोज सकाळी. माझं आहे ना!"

मग त्याने घेतलं. डाव्या हाताने उजेडाकडे धरलं, एक डोळा बारीक केला. आणि जो काय तुटून पडला माझ्यावर! "गाढवे, डायल नंतर रंगवलीय! सहाच्या आकड्याला मिनिटांची रेघ टेकलीय, दिसत नाही? शिवण वाकडी गेलेली लांबून कळते. फसलीस! टोपीवाल्याने शेंडी लावली तुला!"

एकही शब्द अडखळला नाही.

मी तोंड पाडून उभी राहिले आणि मनातून नाचत होते. हाच तो माझा भाऊ. आहे, जागेवर आहे! वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, पदराने डोळे पुसत. मी तिच्याकडे बघितलं नाही, नाहीतर मीही सुरू झाले असते.

पट्टा मी बांधला. डाव्या मनगटावर, नेहमीच्या जागी.

१४ फेब्रुवारी

रात्रीही काढलं नाही म्हणे!

२० फेब्रुवारी

आता सकाळचा रिवाजच झालाय. वहिनी लॉंड्रीत पहाटेच्या पाळीला जाते. मी उठून चहा ठेवते आणि दादाच्या खोलीत जाते. तो न बघता डावा हात पुढे करतो, जसा काही राजा मुजरा घेतोय. मी वाकून किल्ली देते. चांगले वीसेक पीळ बसतात. मग हळूहळू जड होते आणि थांबते. तेवढ्यात तो टोमणा मारून घेतो. "आज तरी जपून. घड्याळ आहे, नळ नाही."

दिवसाला मिनिटभरही मागेपुढे होत नाही. दादा हे कबूल करत नाही, पण बातम्यांच्या वेळेशी रोज ताडून बघतो. मी पाहिलंय.

२७ फेब्रुवारी

किल्ली कमी लागतेय.

आधी वाटलं, माझाच भास. पण नाही. पंधरा पिळांतच जड होते. काल थोडी जास्त फिरली होती. स्प्रिंग गेली की काय?

३ मार्च, रविवार

बाजारात गेले ती टोपीवाल्याशी भांडायलाच. "स्प्रिंग आखूड घातलीस. दिवसेंदिवस किल्ली कमी लागते!"

"चालतंय ना पण?"

"चालतंय. वेळही बरोबर आहे."

"मग ताई, भांडण कशाबद्दल?"

शेवटी त्याच्याकडून एक लहानसं बायकी घड्याळ घेतलं, शेंगदाण्याएवढं, वहिनीसाठी. भांडायला गेले आणि खरेदी करून आले. दादा ऐकून इतका हसला की ठसका लागला.

हसला! हे इथे लिहून ठेवते.

८ मार्च

फिजिओबाई आज जरा कंटाळलेल्या वाटल्या. चेंडूवर धूळ. तोच, त्याच जागी. "मी नसताना काही करतात का हे?" वहिनी म्हणाली, कुठलं काय. दादा म्हणाला, "तुम्ही तिघी अशा टक लावून बसता, जसं काही दूध उतू जाणार आहे. मला नाही जमत असली नाटकं."

त्यांनी बोटं हलवून बघायला सांगितली. त्याने डोळे मिटून घेतले.

चोवीस तारीख किती जवळ आली, असा विचार उगाच मनात येतो. पडदेवाला टेबलाची मापं घेऊन गेला. दादाने त्याची टेप बघून म्हटलं, "एक सूत चुकतेय तुमची." एवढंच बोलला.

१३ मार्च

सात-आठ पीळ. बस्स. पुढे जात नाही.

दादाला सांगायचं नाही असं ठरवलंय. इतक्या दिवसांनी त्याने एक वस्तू जवळ केलीय, आणि तीही मरायला टेकलीय म्हणून कसं सांगू? लगेच म्हणेल, बघ, माझ्या अंगाला लागलं की जातंच. मी आपली सात पीळ देते आणि उरलेलं नुसतं बोट फिरवते.

टेबलाची शेवटची रात्रही जवळ आली आणि या घड्याळाचीही, असं दिसतंय. घरात एकदम सगळंच जायचं ठरलंय!

१९ मार्च, सकाळ

गेली! किल्ली फिरतच नाही. एकसुद्धा पीळ नाही! जोर लावायची हिंमत झाली नाही. काटे मात्र अजून चालताहेत, ते कशाच्या जोरावर कुणास ठाऊक. दादाला म्हटलं, पट्टा बदलून आणते. तयारच होईना. "संध्याकाळी परत पाहिजे. आजच्या आज." लहान मुलासारखा! पर्समध्ये घेतलंय. घड्याळजीच्या दुकानावरून कामाला जाते.

१९ मार्च, संध्याकाळ

घड्याळजीने मागचं झाकण उघडलं, भिंगातून पाहिलं, पुन्हा पाहिलं. मी जीव मुठीत धरून. मग तो हसायलाच लागला!

"ताई, ठणठणीत आहे. किल्ली पूर्ण भरलेली आहे."

"पण मी आज दिलीच नाही!"

"मग घरातल्या कुणीतरी दिली. स्प्रिंग मूळचीच आहे, उत्तम आहे. तुम्ही इतकी घड्याळं घेऊन येता आणि भरलेली किल्ली ओळखू येईना तुम्हाला?"

खरंच की! चेहरा लाल झाला असेल माझा. पण इतकं हायसं वाटलं की दुकानाच्या पायरीवर बसून आधी पाणी प्यायले. टोपीवाल्याला उगाच शिव्या घातल्या. रविवारी माफी मागायला हवी. म्हणजे आणखी एक घड्याळ घ्यावं लागणार!

घरी आल्यावर वहिनीला विचारलं, तू देतेस का गं किल्ली? तर म्हणाली, "मी कशाला? मला ती कुठल्या बाजूला असते तेही माहीत नाही. आणि सकाळी मी घरात असते कुठे?"

दादाने घड्याळ मागून घेतलं. पट्टा जुनाच आहे हे त्याच्या लक्षात आलं, पण विचारलं नाही. आणि हे तर आणखीनच नवल.

वहिनी नाही. मी नाही. मग राहिलं कोण?

नाही. लिहीत नाही. चार महिने आशा लावून घेतली आणि तोंडावर आपटलो सगळे. उद्या वहिनीबरोबरच उठते.

२० मार्च

दार थोडं उघडं होतं. दादा खिडकीशी, उजवं कोपर मांडीवर टेकवलेलं, जीभ दातांत, सुईत दोरा ओवताना असायची तशी. उजवा अंगठा आणि पहिलं बोट किल्लीवर. अर्धा पीळ. थांबला. श्वास घेतला. पुन्हा अर्धा.

घड्याळ मरत नव्हतं. इतके दिवस माझे पीळ कमी होत होते ते त्याचे वाढत होते म्हणून!

मागे सरले. स्वयंपाकघरात जाऊन भांडी मुद्दाम वाजवली, तोंडावर पाणी मारलं, चहा ठेवला. मग गेले. त्याने रोजच्यासारखा न बघता डावा हात पुढे केला. मी वाकले आणि किल्लीवर नुसतं बोट फिरवत राहिले. काही दिसत नव्हतं मला.

"पुरे नाटक," दादा म्हणाला. "भरलीय ती."

आणि मग, "त्या पडदेवाल्याला फोन कर. रविवारी येऊ नको म्हणावं. रविवारी आपण बाजारात जातोय."