मावशीच्या निधनाची दुरुस्ती

ती. एउलालिया मावशीस,

तुझ्या धाकट्या बहिणीचा थोरला, नाबोर, याचा सनीसाइडहून वाकून नमस्कार. तुझी प्रकृती उत्तम असणारच. सोमवारी फोनवर तू ज्या आवाजात माझा उद्धार केलास, त्यावरून फुप्फुसं तरी ठणठणीत आहेत याची खात्री पटली. गुडघा कसा आहे? एवारिस्तो काकांना नमस्कार. (शेजारणींनी सांत्वनाला आणलेले मक्याच्या पानात वाफवलेले चार डझन तमाले काकांनी आधी आत नेऊन ठेवले आणि मग सांगितलं की ती कुठली मेलीय, आत मालिका बघत बसलीय, हे खरं का?)

तर घडलं ते असं. मला अमेरिकेतल्या हिस्पॅनिक, म्हणजे आपल्यासारख्या स्पॅनिश बोलणाऱ्या, पत्रकारांच्या संघटनेचा सभासद व्हायचंय. हसू नकोस. दहावीत शाळा सोडल्यापासून मी सफरचंदं तोडली, बॉइसीत ताटं विसळली, गाद्यांचा ट्रक चालवला (त्या ट्रकमध्ये एकदा बकरी निघाली, ती हकीकत मोठी आहे, राहू दे), पण ही पहिलीच नोकरी जिथून आठ महिन्यांत मला पळून जावंसं वाटलेलं नाही. 'एल एको' साप्ताहिक आहे आठच पानांचं, पण त्यात माझं नाव छापून येतं. तरीही नगरपालिकेत बातमीसाठी गेलो की दारावरचा माणूस माझे बूट बघतो आणि म्हणतो, "सामान मागच्या दाराने, दादा." संघटनेचं ओळखपत्र गळ्यात असलं की पुढच्या दाराने जाता येईल. एवढीच हाव आहे.

अर्जाला दोन गोष्टी लागतात : स्वतःच्या नावाने छापून आलेले दोन लेख, आणि एका जुन्या सभासदाची सही. पहिला लेख होता, टायरच्या दुकानात शिरलेल्या मोरावरचा. (मोर अजून तिथेच आहे. मालकाने त्याला आता नाव ठेवलंय.) दुसरा सापडेना. आणि अशात चर्चच्या कचेरीतून छापायला चिठ्ठी आली : 'एउलालिया लेदेस्मा, मिस्सा, शनिवारी दहा वाजता, पांढरी फुलं', सोबत तुझा फोटो. आता गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं म्हणून कुणी देवाचे आभार मानायला मिस्साची प्रार्थना ठेवतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आपल्याकडे पांढरी फुलं आली की माणूस गेलेलं असतं. तीनदा फोन केला, कुणी उचलला नाही. मला वाटलं, सगळे रडताहेत. (तुम्ही बिंगोला गेला होतात.) मग मीही रडलो, मावशी, आणि रडत रडत पाऊण पान मृत्युलेख लिहिला. आमचे संपादक आन्सेल्मोसाहेब यांनी वाचून चष्मा पुसला आणि तसंच छापायला धाडलं.

तुझा राग मला समजतो. म्हणजे, मला वाटलं होतं की तू मेलीस असं छापल्याचा राग असेल. पण तू म्हणालीस, "मेले तर मेले, ते एक वेळ चालेल! चौऱ्याहत्तर वर्षांची? अरे मेल्या, मला अडुसष्टावं आहे! आणि मिरच्या-चॉकलेटचं मोले मी डब्यातल्या मसाल्याचं करते, असं अख्ख्या गावाला सांगितलंस?" तो डबा मी तुझ्या फळीवर पाहिला होता. तो काकांचा होता, हे आता कळलं. चूक झाली. पोटात घाल.

तुझा आज्ञाधारक भाचा,
नाबोर

ता. क. एक लहानसं काम होतं. अर्जावर सही करणार आहेत रेडिओवरच्या ओदिलियाबाई केसादा. सहीआधी त्या लेखातली माहिती तपासतात. गुरुवारी त्यांचा फोन येईल. तू उचलू नकोस. काकांना उचलू दे, आणि जमलं तर त्यांनी एखादा हुंदका द्यावा. आपली दुरुस्ती त्याच्या पुढच्या अंकात छापू. म्हणजे तुला एकच आठवडा मेलेलं राहायचंय.

ता. क. २. पाकीट चिकटवणार एवढ्यात ओदिलियाबाईंचा मला फोन आला. त्यांनी गुरुवारची वाट न बघता तुला आजच फोन केला म्हणे. तूच उचललास, आणि चाळीस मिनिटं बोललीस. त्या म्हणाल्या, "नाबोर, तुझी दिवंगत मावशी फार गप्पिष्ट आहे रे. लेखात तीनच चुका आहेत म्हणाली. वय, मोले, आणि ती वारल्याचं." मी फोन ठेवायला निघालो, तर म्हणाल्या, "थांब. पळतोस कुठे? भाषा चांगली आहे तुझी, कान वाईट आहे. तिच्यासमोर बस, ती सांगेल ते ऐक, आणि नावानिशी दुरुस्ती छाप. छोटी नाही, पाऊण पान. तोच दुसरा लेख धरीन." खोटं रडायला लावणार होतो, हेही मी त्यांना सांगून टाकलं. मग म्हणाल्या, "ते दुरुस्तीत घाल."

ता. क. ३. तेव्हा रविवारी दहाला वही घेऊन येतो. वयाचा दाखला काढून ठेव. मोलेची चौकशी मात्र कागदावर होण्यासारखी नाही, ते समोर शिजताना पाहावं लागेल, आणि खावंही लागेल. पुढच्या दाराने येऊ की मागच्या, तेवढं काकांकरवी कळव.