नुसती पाटी, कडी नाही

सोमवार, संध्याकाळ

काल रातभर डोळ्याले डोळा नाही लागला. आमच्या ह्यायच्या फोटोच्या दुकानाची वेबसाईट बंद पडली. लोकं छापाचे फोटो तिच्यावरच टाकतात. कोण्या गिऱ्हाइकानं लग्नाचा अख्खा व्हिडिओ ढकलला अन् सर्व्हर गच्च भरला.

माझा भाऊ संजू मौद्याहून येऊन सांगून गेला होता, "भाऊजी, लिमिट सर्व्हरवरच लावा. मोठी फाईल आली का त्यानंच वापस केली पाहिजे." तर हे म्हणे, "तू मले शिकवून राहिला का बे?" अन् केलं काय? पानावर लिवलं, 'वीस एमबीच्या आतच फोटो टाका.' दारावर पाटी लावली, कडी नाही लावली. लाल अक्षरात लिवली म्हणे. लाल! आमची पोट्टी चिमीबी भेत नाही अशा पाटीले. मोठे आले शहाणे!

आता म्हणतात, जागा कराले उद्या सकाळी जुन्या फायली उडवतो. अवं बाई, त्याच्यात शेजारच्या रोशनीच्या लग्नाचे फोटो हायेत. दुसरीकडं कुठंच नाहीत, अन् तिचा बाप लग्नानंतर वारला. कोणती फाईल कोणाची, ह्यायले काय समजते? मी बोलली तर म्हणे, "संजूले फोन केला तर माहेरीच जाशीन. पोट्टी इथंच राहीन."

सासूबाई, तुम्ही माझी वही चोरून वाचता, मले मालूम हाय. आज वाचाच. तुम्हाले ते काही म्हणत नाहीत. ते उठायच्या आधी संजूले फोन लावा.