कॉलरचा कागद

ता. ९, मंगळवार

चि. धाकटीस ताईचा आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. गुडघे कुरकुरतात, जीभ शाबूत आहे. तुझी खुशाली विचारत नाही, पोर सुट्टीला आली आहे, चार दिवस तेच सांगते आहे. धाकटी आजी अशी, धाकटी आजी तशी. नात माझी, पण तिची प्रयोगशाळा तुझ्या गावात, म्हणून दोन वर्षं जेवते तुझ्याकडे. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा.

येताना पोर तू शिवलेलं जाकीट घालून आली होती. ती अंघोळीला गेल्यावर मी ते उलटं करून, चष्मा लावून पाहिलं. एक टाका वाकडा मिळाला असता तर दोन घास जास्त गेले असते. नाही मिळाला.

काल भाजी निवडताना ती मला तिचं काम समजावत होती. मी तिसरी शिकलेली. पण पोर म्हणाली, "आजी, शरीरातली पेशी म्हणजे तुम्हा दोघी बहिणींचा जुना शिवणकारखाना समज." आत चिठ्ठ्या फिरतात म्हणे, आरएनए की काय म्हणतात त्यांना, आणि चिठ्ठीत असेल तेच यंत्रं शिवतात. ती अभ्यासते त्या फ्लूच्या विषाणूजवळ ना सुई ना यंत्र, नुसती त्याची चिठ्ठी आणि एक कातर. चिठ्ठी आत सरकवली की कारखाना स्वतःचं काम टाकून त्याचीच पिल्लावळ शिवत बसतो.

"मेले शिवणारे आंधळे आहेत का?" मी म्हटलं.

"नाही गं, ते वरचा शिक्का बघतात. फ्लूचा विषाणू कारखान्याच्याच चिठ्ठीचा शिक्का कापतो आणि आपल्या चिठ्ठीला जोडतो. मग खरी चिठ्ठी बिनशिक्क्याची. ती जाते कचऱ्यात."

माझ्या हातातली सुरी थांबली. पोर वर म्हणते, "धाकट्या आजीला हे लगेच कळलं!" कळणारच. तुला लहानपणापासून सगळं लगेच कळतं. मी घोकायचे, तू नुसतं ऐकायचीस.

एवढी एक गोष्ट मात्र तुला कधी कळली नाही.

वीस तारखेला तिच्या प्रयोगशाळेत याच कामावर तिचं भाषण आहे. त्यात ती सांगणार, माझी आजी कारखान्यात हेडकटर, म्हणजे कापड बेतणाऱ्यांची मुख्य होती, गणवेशाच्या कोटाची कॉलर तिनं बेतली, अजून तशीच शिवतात. आणि तू पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवणार. ते मला बघवणार नाही.

त्या कोटाचं काम आलं त्या दिवशी आपण दोघींनी आपापल्या कागदावर कॉलर बेतली होती. मुकादमानं तुझ्या कागदावर पसंतीचा शिक्का मारला. माझा कागद बघितलासुद्धा नाही. तू पाणी प्यायला गेलीस. मी तुझ्या कागदाचा शिक्क्याचा कोपरा कातरला, खळ लावून माझ्या कागदावर डकवला आणि तुझा कागद चिंध्यांच्या पोत्यात कोंबला. बारा यंत्रांनी संध्याकाळपर्यंत माझी कॉलर शिवली. कुणी मान वर करून पाहिलं नाही. शिक्का होता ना.

तू रडत म्हणालीस, शिक्का माझ्या कागदावर होता. मुकादम दिवसाला शंभर शिक्के मारायचा, त्याला काय आठवणार? सगळे म्हणाले, थोरलीवर जळते. मीही म्हणाले. महिन्याभरात तू कारखाना सोडून गेलीस आणि मी हेडकटर झाले.

जळत मी होते. अजून जळते, पोरीच्या अंगावर तुझं जाकीट बघून. खोटं कशाला लिहू? तुझी कॉलर माझ्याहून सरस होती. हे वाक्य लिहायला सकाळ गेली.

तुझा शिक्का डकवलेला तो माझा कागद मी बटणांच्या डब्यात तळाशी ठेवला होता. का, विचारू नकोस. सोबत पाठवते आहे. शिक्का सोडवून बघितला, खळ पक्की निघाली. पाकीट पोरीच्याच हाती देते आहे, चिकटवून. तिला म्हटलंय, आत जुन्या मापांचा कागद आहे. तिला काय सांगायचं, ते तू ठरव. फक्त भाषणाच्या आधी सांग.

भाषणाला मी येणार आहे. मागच्या रांगेत बसेन. पोरीनं कॉलर बेतणारीचं नाव घेतलं की तू उठून उभी राहा. मी टाळ्या वाजवीन. हात कुरकुरतील, पण वाजवीन.

खाली शिक्का नाही. नुसती सही.

ताई