बिनसावलीची काठी

बाबा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज मी तुमच्यावरच चिडून लिहायला बसले आहे. माझी लेक अठरा दिवस तापाने पडली आहे. दाराला वाळ्याच्या ताट्या लावल्या, त्यांवर पाणी मारून मारून माझे हात भरून आले. हे सीताबर्डीवरून भुशात गुंडाळलेला बर्फ आणतात, तो टांग्यातच निम्मा वितळतो. डॉक्टर म्हणतात, मृगापर्यंत तग धरला तर निभावेल. मृगाला अजून वीस दिवस आहेत.

तुमच्या मागे या घरात आता आम्हीच राहतो. याच अंगणात तुम्ही दर उन्हाळ्यात कमरेएवढी काठी रोवायचात. भर दुपारी तिची सावली बोटांनी मोजायची, आणि ज्या दिवशी ती अजिबात पडणार नाही त्या दिवशी बर्फाचं सरबत. भूगोलाच्या मास्तरांच्या घरातला हा सण! नऊ वर्षांची होते मी, मला दम निघेना. काठी सूर्याकडे जराशी झुकवली आणि ओरडले, सावली गेली! तुम्ही दोरीला दगड बांधून ओळंब्यासारखा काठीशेजारी धरलात, काठी तिरपी निघाली. "काहून वं? सूर्याले फसवून राहिली का तू?" त्या वर्षी सरबत झालंच नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी! मला अजून राग येतो.

संध्याकाळी मात्र तुम्ही लू लागू नये म्हणून खिशात ठेवलेला कांदा काढलात, त्यात आईची विणायची सुई आरपार खुपसलीत आणि तो कलता धरून कंदिलाभोवती फिरवलात. उन्हाळा सूर्य जवळ आल्याने होत नाही, पृथ्वी कलती आहे म्हणून होतो. मंगळही असाच कलता, त्याचे ऋतू आपल्या जवळजवळ दुप्पट. गुरू बहुतेक सरळच उभा, त्याला ऋतू असे नाहीतच. आणि युरेनस तर आडवाच पडलेला, त्याच्या टोकाला बेचाळीस वर्षं उजेड आणि बेचाळीस वर्षं अंधार.

परवा मीही लेकीला हेच कांद्यावर दाखवलं. ती म्हणाली, "आई, गुरूवर मृग येतच नसन, तं तिकडच्या आजारी लोकायले काय सांगतेत?" यंदा मीही अंगणात तशीच काठी रोवली होती आणि तिला आधीच सांगून बसले होते की काठीची सावली गेली की ऊन उतरणीला लागतं, आणि मग तू उठून बसशील, आपण सरबत करू. खोटं आहे हे. सूर्य कलला तरी तापलेली भिंत लगेच निवत नाही, हे तुम्हीच शिकवलंत. पण तिला धरून ठेवायला माझ्याजवळ दुसरं आहे काय? रोज बारा वाजता ती खिडकीतून काठीकडे बघते. काल सावली दीड बोट होती, म्हणजे अजून आठ दिवस. बाबा, तिचा हात हातात घेतला की नुसती हाडं लागतात. आठ दिवस कुठून आणू मी?

आज ती झोपली असताना मी काठी झुकवली. बरोबर तशीच, सूर्याकडे जराशी. बारा वाजता तिला उचलून खिडकीशी धरलं. सावली नव्हती. ती बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "काठी तिरपी हाय ना वं आई?" तिने माझा पदर ओढला. "राहू दे. मले सरबत दे."

दोन चमचे घेतलं तिने. चार दिवसांत पाण्याशिवाय पोटात काही गेलं नव्हतं.

हे पत्र टाकायचं तरी कुठे? इतकंच सांगते, ती परत झोपल्यावर दोरीला दगड बांधून मी अंगणात गेले होते, काठी सरळ करायला. नाही केली, बाबा. तशीच ठेवून आत आले.