कोरं ठेवलेलं बाविसावं पान

घाटकोपर, ८ ऑगस्ट १९८३

ती. मालनताईस,
विमलाचा सा. न. वि. वि.

तुझ्या त्या रविवारच्या लेखक मंडळात मी पुन्हा पाय ठेवणार नाही. चौदा माणसांसमोर कुंडलिक म्हणाला, माझ्या कथेचा शेवट खोटा आहे. गिरणी बंद पडलेला बाप गावी जाऊन हसतमुखाने आंबे लावतो, यात खोटं काय गं? घरी आले आणि रागाच्या भरात बावीसच्या बावीस पानं स्टोव्हवर पेटवली. आता वाट लागलीय. दिवाळी अंकवाल्यांना एकतीस तारखेपर्यंत कथा हवी आणि मला पहिलं वाक्यही धड आठवत नाही. दोन वर्षं लिहीत होते, ताई.

बाबा बरे आहेत. रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडतात.

राग तुझ्यावर नाही, तेव्हा माया आटू देऊ नकोस.
तुझी विमला

बोरिवली, १५ ऑगस्ट

चि. विमलास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. अगं बये, स्वतःचं लेकरू कोणी चुलीत घालतं का? काल मंडळात सांगितलं, तर कुंडलिकने पिशवीतून वही काढली. आपली रीत विसरलीस ना? ज्याला कथेवर बोलायचंय त्याने आधी ती स्वतःच्या हाताने उतरवायची, फुकट मत द्यायचं नाही. त्याने तुझी एकवीस पानं उतरवलीत. बाविसाव्याला हात वळला नाही म्हणाला, म्हणून ते कोरं ठेवलंय. उद्या वही रजिस्टरने टाकते.

आणि गिरणी बंद पडून वर्ष उलटलं, मामा डबा घेऊन जातात तरी कुठे?

आहे तेवढा जीव माझ्यावर राहू दे.
मालन

घाटकोपर, २५ ऑगस्ट

ती. मालनताईस सा. नमस्कार.

वही मिळाली. कुंडलिकचं अक्षर पाहून आधी डोकंच फिरलं. मग वाचत गेले. माझंच लिहिलेलं, पण परक्या हातातलं, त्यामुळे लपायला जागाच राहिली नाही.

सोमवारी बाबांच्या मागोमाग गेले. ते बागेतल्या बाकावर बसले होते. बाराच्या ठोक्याला डबा उघडला, हात जोडले आणि एकटेच जेवले. मला पुढे जायचा धीर झाला नाही. घरी येऊन बाविसावं पान लिहिलं.

रविवारी येतेय. अंकाकडे पाठवण्याआधी कुंडलिकनेच ते वाचावं. त्याची पुढची कथा उतरवायला मला ठेवा, सोडणार नाही त्याला.

आज डबा भरला नाही. बाबांना म्हटलं, आजपासून घरीच जेवा. ते दारात बराच वेळ उभे राहिले, मग चपला काढून आत आले.

तुझीच,
विमला