अमावस्या होऊ दे

ता. केळापूर, १७ सप्टेंबर २०२५

चि. सौ. शीलेस ताईचे आशीर्वाद. वि. वि.

इकडे सारे खुशाल. गाय व्याली, कालवड झाली. फोनवर तू एकटीच बोलतेस, म्हणून कागद धरला.

शेतसल्ल्याच्या फोनात दर मंगळवारी तुहा भरून ठेवलेला आवाज येते. पुसदच्या आफिसवाल्याईले माही लहान बहीणच सापडली काय? पयले कपाशीत अळी दिसली का सारं गाव माह्या ओट्यावर ये. आता शेजारचा पोट्टा उकंडा मोबाइल कानाले लावून माह्याच दारापुढून जाते अन् म्हणते, शीलाबाईनं सांगतलं. पोटात आग पडते माह्या! तुले फुलातली गुलाबी अळी दाखोली कोणं? मीनंच ना?

काल तू म्हणालीस, गुरुवारी फवारा. अवं, इतवारी अमावस्या! अंधाऱ्यात पतंग अंडे घालते, औषध त्याच्यामागून मारा लागते. इसरलीस? नात अर्पितानं दोनचं बटण दाबून देल्लं, तिथं प्रश्न इचारता येते म्हणे. मी प्रश्न नाही इचारला, तुले चांगली झाडली.

राग आला तर दोन घास कमी जेव, माया आटवू नको.

तुही ताई, सत्यभामा


पुसद, २० सप्टेंबर

ती. स्व. ताईस शीलाचा शि. सा. न.

तुझा कागद भेटला. त्याआधीच तुझं बोलणं साहेबांनी आफिसात सर्वांदेखत लावलं. मी मान खाली घालून बसली. पण शेतीच्या मॅडम म्हणाल्या, आजी बरोबर सांगतात, तारीख बदला. तुझ्या शिव्या कापून सल्ला तेवढा ठेवला अन् बुधवारीच तुझा आवाज सगळ्या गावांले पाठवला. वर मले म्हणतात, तुमच्यापेक्षा त्या गोड बोलतात! तीन वर्षांत मले असं कोणी म्हटलं नाही. आई दह्यावरची साय तुलेच दे, तेव्हा जळली होती, तशी जळून राह्यली.

उत्तर टाक. रागाचं असलं तरी चालते.

तुझी धाकटी, शीला


ता. केळापूर, २ ऑक्टोबर, दसरा

चि. सौ. शीलेस आशीर्वाद.

मी लय खुशीत हावो. फोनातून माहा आवाज निंघाला तर अर्पितानं टाळ्या वाजोल्या. मी नवं लुगडं नेसून ओट्यावर बसली, आता गाव येईन म्हणून.

आला एकटा उकंडा, तोही काल. अमावस्या झाल्यावरच फवारलं म्हणे, बोंडं साफ हायेत. अन् म्हणते, आजी, त्या दिवशी शीलाबाई काय मस्त बोलल्या!

शीले, मले माह्याच आवाजाचा हेवा वाटला वं. आपल्या दोघींच्या गळ्यात आईच बसली हाये, त्यानं तरी कसं वळखावं? जिभेवर आलेलं गिळलं, त्याले चहा पाजला.

आपट्याचे दोन पानं तोडले. मोठं तुले धाडलं, त्या सायीच्या बदल्यात.

पण पुढच्या मंगळवारी पयले माहं नाव सांगजो. सल्ला त्याच्या मागून.

तुही ताई, सत्यभामा